ओल्या वाळूवरून

माझी बायको गेल्यावर लोक भेटायला आले. जो तो म्हणाला, "किती शांत बाई होती." मी ऐकून घेतलं. मेलेल्या माणसाबद्दल लोक काहीही बोलतात. ती शांत नव्हती. ती शांत असती तर आमच्या गावातली कितीतरी माणसं जन्माला येता येताच परत गेली असती.

मी शिकलेला नाही. चौथीनंतर शाळा सुटली आणि बैलांच्या शेपट्या हातात आल्या. पण दुसऱ्या कोणी तिच्याबद्दल गोडगोड लिहिण्याआधी मीच लिहितो. म्हणजे निदान खोटं तरी लिहिलं जाणार नाही.

ती जामसंड्याची. तिच्या भावाचं तिकडे सायकलचं दुकान होतं. रत्नागिरीला नर्सचं शिकून आली आणि लोकल बोर्डाच्या दवाखान्यात आमच्या बाजूला तिची नेमणूक झाली. तेव्हा आमचा जिल्हा रत्नागिरीच. आमचं लग्न ठरलं तेव्हा गावातले म्हणाले, नोकरी करणारी बायको या अडाण्याच्या घरात किती दिवस राहील. ती राहिली. लग्नात नवरीबरोबर ट्रंक आली, तांब्यापितळेची भांडी आली आणि बैलगाडीच्या मागे बांधून एक सायकल आली. पुरुषांची, मधे दांडी असलेली. ती बघायला आमच्या अंगणात जेवढी माणसं जमली तेवढी नवरी बघायला जमली नव्हती.

पांढरं पातळ, निऱ्या वर खोचलेल्या, पाठीमागे कॅरिअरला कातडी पिशवी. अशी ती पहिल्यांदा बाजारातून गेली त्या दिवशी मला एकानं अडवलं.

"काय रे, बायल सायकलीर आणि तू पायान?"

"माका सायकल येणा नाय," मी म्हटलं. "तुका येता?"

त्यालाही येत नव्हती.

माणसाच्या तोंडाआधी ती त्याची नखं बघायची. मग तो मामलेदार असो की मासेवाली. जेवताना माझा हात धरून उलटा करायची आणि घासासकट हात धुवायला परत पाठवायची. स्वयंपाक तिला येत नव्हता. माशाचं कालवण उकळून उकळून त्याची पेज करायची, कारण जे उकळलं नाही ते तिच्या मते घाण. चहा उभ्यानं प्यायची. कुणाच्या घरी गेली की आत जाण्याआधी सायकलीचं तोंड रस्त्याकडे वळवून ठेवायची. आणि कुणी म्हटलं, नर्सबाय, वायच थांब, अजून वेळ आहे, तर म्हणायची, "पोर येवचा तेवा येता. पंचांग बघून येणा नाय."

एका घरी सून अडली होती. सासू दारात उभी राहिली. म्हणाली, आमच्या घराक डॉक्टरीण नको, आमची सुईण आसा. हिनं सायकल उंबऱ्याला आडवी लावली आणि पायरीवर बसली.

"बरा. तुमची सुईण भायर येयसर मी हयच बसतंय. तुमका पाणी हाडूक जावचा झाला तर माझ्यावरसून उडी मारून जावा."

म्हातारीला पाणी आणायला जावंच लागलं. दार उघडलं तशी ही आत. आत ती सुईण घामानं निथळत बसलेली. तिला हिनं हात धुवायला लावले आणि म्हणाली, "तू पोट धर, मी खालती बघतंय." पुढे त्या दोघींची अशी गट्टी जमली की सुईण हिच्या सायकलीच्या कॅरिअरवर बसून गावोगाव फिरायची. उतरल्यावर कंबर धरून मला शिव्या द्यायची, सायकल जणू मीच चालवली होती.

आता गावपळणीचं सांगतो.

आचऱ्याची गावपळण लोकांना ठाऊक आहे. आमचा गाव त्याच बाजूचा, लहान, पण चाल तीच. काही वर्षांनी देवाचा कौल झाला की अख्खा गाव तीन दिवस शिवेबाहेर जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्रीसुद्धा. चुली विझवायच्या, दारं लोटायची आणि शिवेपलीकडे झावळांच्या झोपड्या घालून राहायचं. त्या दिवसांत गाव देवाचा आणि देवाच्या पाठीमागे जे काय असतं त्याचा. माणसानं आत पाऊल टाकायचं नाही. टाकलं, तर पुढे गावात जे काही वाईट होईल ते त्या पावलाच्या माथ्यावर.

आमच्या गावात आणखी एक होतं. आपली झोपडी कुठे घालणार हे आधी कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की मागे लागतं, असं म्हणत. म्हणून निघायच्या दिवशी जो तो दुसऱ्याला हुलकावणी देऊन निघायचा.

आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या पळणीत या चालीपायी एक बाई गेली. दिवस भरलेली. तिची माणसं सड्यावर, म्हणजे गावाच्या उगवतीच्या कातळावर, एका कोपऱ्यात उतरली होती. हिला निरोप आला, पण कोणत्या कोपऱ्यात ते कुणालाच ठाऊक नव्हतं. ही झोपडी झोपडी विचारत फिरली. सापडली तेव्हा चुलीवरची पेज अजून गरम होती आणि बाई थंड झाली होती. ही परत आली आणि बरेच दिवस तिनं माझी नखं बघितली नाहीत.

पुढची पळण आली तेव्हा साठ साल उलटून गेलं होतं. कौल झाला त्या दिवशी हिनं ओसरीवर सूप घेतलं. मधोमध नारळाची करवंटी उपडी ठेवली आणि भोवती कुळथाचे दाणे मांडायला लागली.

"ह्या काय?" मी विचारलं.

"ह्या बेट," करवंटीवर बोट ठेवून ती म्हणाली. "तीन दिवस आपलो गाव म्हणजे बेट. बेटार जावचा नाय. भोवतीन फिरूचा."

दाणे म्हणजे दिवस भरत आलेल्या बायका. दक्षिणेला आमची बाजू, ओढ्यापलीकडे. तिथून चढण चढून सडा. सडा ओलांडून उतरलं की वरच्या अंगाला साकव म्हणजे छोटा पूल, त्यावरून खाडीची उत्तरेची कड. आणि खाडीच्या मुखापासून परत आमच्या बाजूला यायचं तर होडीत सायकल घालून समुद्रातून. सकाळी वारा मंद असताना होडी येते, दुपारनंतर नाही. अष्टमीच्या आसपास दुपारी सुकती, म्हणजे पाणी ओसरलेलं. खाडीत तेव्हा होडी घासते. हे सगळं ती दाणे इकडून तिकडे सरकवत पुटपुटत होती. तीन दिवसांत एक पुरी फेरी. कोंबडीनं सुपात चोच घातली तेव्हा तिला हाणायला ती विसरली, मी हाणली.

एक दाणा तिनं उचलून आमच्या झोपडीच्या शेजारी ठेवला.

"ही इंदू. ही माझ्या नजरेखाली होयी."

इंदूची आधीची तीन पोरं जन्मतानाच गेली होती. या वेळेला पोर आडवं फिरत होतं. हिनं दोनदा हातानं सरळ केलं होतं. इंदूची सासू भागीकाकी देवभोळी, घाबरट. आधीच्या तिन्ही वेळेला तिनंच नातवंडं पुरायला दिली होती.

पण राहण्याची जागा सांगायची नाही, मग शोधायचं कसं. ही गावाच्या मानकऱ्याकडे गेली. सगळे त्यांना तात्या म्हणायचे. करडा माणूस, हसताना मी पाहिला नव्हता.

"तात्यानू, खंय ऱ्हवतत ता कोणी सांगू नये. कबूल. पण गरवार बायल जय आसा थयच्या वाटेर लुगड्याचो धडपो बांधलो तर चलात?"

तात्या विचार करून म्हणाले, "चलात. धडपो काय बोलणा नाय."

तसं ठरलं. पळण निघाली. पहिल्या दिवशी आमच्या बाजूला ओढ्यावरच्या काजूला लाल धडपा बांधलेला दिसला. इंदूच्या लुगड्याचा, हिनं ओळखला. खाली झोपडी होती. आत कुणी नव्हतं. चूलसुद्धा पेटवलेली नव्हती. आसपास विचारलं, कुणाला ठाऊक नाही. ही संध्याकाळपर्यंत त्या बाजूच्या सगळ्या झोपड्या पालथ्या घालून आली. दुसऱ्या दिवशी आमच्या शेजारी एका म्हाताऱ्याला ताप भरला, त्यात तिची सकाळ गेली. दुपारी जेवून सड्याकडे निघायच्या बेतात होती, तोच इंदूचा दीर चढणीवरून धडपडत उतरला. सकाळपासून चालत होता.

"नर्सबाय, भावजयीचा पोर अडला. पाय इलो भायर. पोराचो. चल बेगीन."

"खंय आसा ती?"

"खाडयेपलीकडे. मुखाच्या अंगाक."

"धडपो तर हय बांधलेलो."

त्यानं मान खाली घातली. "आयेन बांधलो. मागे लागतले तेंका हयसर अडकवूक. तुका कळला म्हणजे सगळ्यांका कळला, असा म्हणाली."

हिनं शिवी दिली नाही. म्हणजे प्रकरण वाईट आहे हे मी ओळखलं. ती फक्त पिशवी उघडून आतली उकळलेली हत्यारं आणि कापूस बघून घेत होती.

सड्यावरून गेली असती तर अंधार पडला असता. होडी वाऱ्याच्या तोंडावर जाईना. राहिला गाव. आमच्या झोपडीसमोर ओढा, ओढ्यापलीकडे शिवेचा पाषाण, आणि गावातून सरळ गेलं की खाडी. एक विडी ओढून होईपर्यंत सायकल पोचली असती.

तिनं सायकल ओढ्यातून पलीकडे काढली आणि पुढचं चाक पाषाणाला टेकवून उभी राहिली. पत्ते कुटणारे उठले. भजनवाल्यांनी टाळ खाली ठेवले. तात्या काठी टेकत आले.

"नर्सबाय, चाक मागे घे."

"थय बायल मरता, तात्यानू."

"माका समाजता. पण हेच्यात सगळो गाव आसा. उद्या कोणाचा पोर गेला तर लोक तुझ्याकडे बोट दाखवतले. आणि तुझ्या हातात पोर दिवचे नाय. मगे तू काय करशीत हयसर?"

ते खरं होतं. एकदा तिच्या हातावरचा भरवसा उडाला की पुढच्या सगळ्या बायका परत जुन्या वाटेला लागल्या असत्या.

मागून कोणीतरी म्हणालं, "घोवाक विचारा तिच्या."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"माका काय विचारतास?" मी म्हटलं. "पोरा मी काढतंय?"

कुणी हसलं नाही. तिनं समुद्राकडे बघितलं. सुकती होऊन गेली होती, पाणी परत फिरलं होतं.

"तात्यानू, समुद्राच्या अंगाक गावाची शीव खंयसर?"

तात्यांनी काठी समुद्राकडे केली. मग म्हणाले, "सुकी वाळू गावाची. ओली समुद्राची. रापणीच्या जाळ्यातलो मासो ओल्येर पडलो तर ओढणाऱ्याचो, सुक्येर पडलो तर देवाचो. बापजाद्यांपासून तसाच."

"मगे मी ओल्येन गेलंय तर?"

"ओल्येन जाशीत तर माझी काठी पोचणा नाय." ते पुढे म्हणाले, "पण भरती लागली हा. आणि मधी खडपां आसत, गो."

"माका ठाऊक आसा."

तिनं पिशवी कॅरिअरवरून काढून पाठीला घट्ट बांधली. मला म्हणाली, "आवो, म्हाताऱ्याची गोळी चुकवू नकात. पेज घालूनच देवा." एवढंच. आणि ओढ्याच्या कडेनं खाली जाऊन पाण्याच्या काठाला लागली.

ओली वाळू फरशीसारखी कडक असते. त्या पट्टीवरून ती निघाली. आम्ही शिवेवर ओळीनं उभे. एका अंगाला रिकामा गाव, माडांत एक धूर नाही. दुसऱ्या अंगाला समुद्र. दर लाटेला पट्टी बोटभर कमी व्हायची. लाट पसरत आली की ती चाक आत वळवायची, लाट मागे गेली की बाहेर. पाणी चाकाच्या आऱ्यांतून उडताना दिसत होतं. तात्यांचे ओठ हलत होते. देवाचं नाव घेत होते की तिला शिव्या देत होते, कोण जाणे.

मधे काळी खडपं समुद्रात उतरतात. पुऱ्या सुकतीला त्यांच्या नाकासमोरून वाळू उघडी असते, एरवी पाणी थेट दगडावर आपटतं. ती तिथे पोचली तेव्हा वाळू दिसत नव्हती. ती उतरली. सायकल खांद्यावर घेतली. एक लाट कमरेपर्यंत आली तशी ती वाकडी झाली. मग खडपांच्या आड गेली, आणि तिथून पुढे आम्हाला काही दिसलं नाही.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग खडपांच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला, पाण्याच्या काठावर मुंगीएवढं काहीतरी चालू लागलं.

"गेली," तात्या म्हणाले आणि खाली बसले.

रात्र तशीच गेली. सकाळी सड्याच्या टोकावरून एकानं हाक घातली. एका झोपडीनं दुसरीला, दुसरीनं तिसरीला, असं करत आमच्यापर्यंत आलं. पोर रडलं. इंदू बरी आहे. होडीवाल्यानं हिला मुखावरून पलीकडे नेलं तेव्हा हिच्या अंगावर कोरडी म्हणून फक्त पिशवी होती.

त्या दुपारी सुकतीला तात्या ओल्या वाळूवरून चालायला निघाले. मीही मागून गेलो. खडपांपाशी आलो. वरच्या अंगाला, सुक्या वाळूवर, चाकाची एक रेघ होती. फार लांब नाही, खडपं संपेपर्यंतची. त्यांनी बघितली. मीही.

"भरती येतली आणि पुसतली," तात्या म्हणाले.

अष्टमीची भरती तिथवर चढत नाही. हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. आम्ही परत फिरलो.

परतायच्या सकाळी सगळा गाव शिवेच्या पाषाणापाशी जमला. आमच्यात परतीचा कौल तिथेच लावतात. फुलाच्या कळ्या भिजवून पाषाणाला चिकटवायच्या. उजवी पडली तर देवाचं हो, डावी पडली तर नाही. इंदूला डोलीतून आणलं होतं, मांडीवर पोर. भागीकाकी तिच्यामागे पदरात तोंड घालून. आणि ही साकवावरून, सड्यावरून, राहिलेल्या सगळ्या बायका बघून आली. ठरवलेली फेरी तिनं उलट्या अंगानं का होईना, पुरी केली होती. पातळावर वाळल्या मिठाचे कडक पट्टे.

कौल लावणाऱ्या घाड्यानं विचारलं, "कोणाकडसून काय चुकला आसात तर आता बोला."

दरवेळी विचारतात. दरवेळी कुणी बोलत नाही. तात्या जमिनीकडे बघत होते. मीही.

"माझ्याकडसून," ही म्हणाली.

मी मान वर केली.

"खडपांकडे पाणी गळ्याक इला. पिशवी भिजली असती तर थय जावन मी काय करतलंय होतंय? मी सायकल सुक्येर घातलंय. खडपां सरली तशी परत ओल्येर इलंय."

तात्या खालच्या आवाजात म्हणाले, "कोण विचारी नव्हता, गो."

"आज नाय विचारणत. उद्या गावात कोण आजारी पडला की सायकलीची रेघ बघलेलो कोणतरी निघतलो. मगे म्हणतले, ह्या पोरापायी शीव मोडली. जल्मभर तेका तसा हाक मारतले." तिनं इंदूच्या मांडीकडे बोट केलं. "पोराचा नाव नको. माझा घेवा."

घाड्यानं तात्यांकडे बघितलं. तात्यांनी मान हलवली. घाड्यानं कळ्या चिकटवल्या आणि हात जोडून गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, ही जामसंड्याची लेक, ह्या गावची सून. हिच्याकडसून जा काय चुकला-माकला ता पदरात घे. ह्या पोराक तेच्यात धरू नको रे म्हाराजा."

गाऱ्हाण्याला जमलेल्यांनी 'होय म्हाराजा' म्हणायचं असतं. नाही म्हटलं तर गाऱ्हाणं तिथेच पडतं. कुणी म्हणेना. मी तोंड उघडलं, पण नवऱ्यानं म्हणून उपयोग नव्हता, ते गावानं म्हणायला हवं. वाऱ्यानं झावळं सळसळली तेवढाच आवाज.

मग मागून, बायकांतून, फाटक्या आवाजात आलं, "होय म्हाराजा."

भागीकाकी होती. आमच्याकडे बायकांनी म्हणायची रीत नाही. तिनं ते दुसऱ्यांदा म्हटलं. मग सुईण. मग जिच्या जिच्या घरात हिच्या हातचं पोर होतं त्या बायका, एकेक करून. मग तात्या. आणि मग सगळा गाव.

कळ्या चिकटून बसल्या होत्या. बघून बघून डोळ्यांत पाणी यायला लागलं. उजवी कळी हलली, सरकली, आणि पडली.

तात्यांनी हिला एक कोंबडं आणि नारळ सांगितला. ती म्हणाली, कोंबडं देते, पण कापणाऱ्यानं आधी हात धुवायचे.

ढोल वाजला आणि गाव आत जायला लागला. आधी देवाची माणसं, मग गुरं, मग आम्ही. इंदूची डोली गेली. मी बैल घेऊन पुढे झालो होतो. शिवेपाशी वळून बघितलं तर ती एकटी मागे. खाऱ्या पाण्यानं सायकलीची साखळी धरली होती, मागचं चाक फिरेना. मी बैल सोडून परत निघालो तर तिनं हातानं मला पुढे जायची खूण केली.

दवाखान्यात शेवटी जी पडून होती तिला मी ओळखत नव्हतो. मला ओळखीची ती ही. कॅरिअरला धरून मागचं चाक उचललेलं, पुढचं जमिनीवर, आणि सगळ्यांच्या शेवटी पाय घासत गावात शिरणारी.